पहिल्या प्याल्याची गोष्ट

दिवाळीत आमच्या घरी एक रीत आहे. पाडव्याची जेवणे आटोपली, विडे झाले, की बाहेरच्या खोलीत सतरंजी अंथरायची आणि लहानथोरांनी मिळून एखादे जुने नाटक मोठ्याने वाचायचे. कामे वाटून घ्यायची. ज्याच्या वाट्याला काम येणार नाही त्याने अंक संपला की 'पडदा!' म्हणून ओरडायचे. गेल्या वर्षी मी गडकऱ्यांचे 'एकच प्याला' काढले, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी कपाळाला हात लावला. "सणासुदीला हे कसलं नाटक? रडून रडून डोळे सुजायचे सगळ्यांचे!" तिचे म्हणणे खोटे नव्हते. पण या नाटकाशी माझा एक जुना हिशेब राहिला होता, आणि चौदा वर्षांचा नातू समोर बसलेला असताना तो पुरा करायला याहून चांगला मुहूर्त मिळणार नव्हता. त्या वाचनातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

मुलांशी नशेविषयी बोलायचे कसे, हा तो प्रश्न. तो डॉक्टरांचा, पोलिसांचा, फार तर शिक्षकांचा, असे आपण धरून चालतो. मला तो साहित्याचाही वाटतो. महाराष्ट्रातल्या तीनचार पिढ्यांना दारूविषयी जे काही सांगितले गेले, ते बऱ्याच अंशी या एका नाटकाच्या तोंडून सांगितले गेले. तेव्हा नाटक काय सांगते आणि आपण त्यातले काय ऐकले, हे एकदा नीट पाहिले पाहिजे.

मी ते प्रथम पाहिले ते सांगलीला, वडिलांच्या शेजारी बसून. साल १९५८, मी नऊ वर्षांचा होतो. शेवटच्या अंकात माझी रडून पुरेवाट झाली. परतताना रस्त्यावर अंधार होता. वडील पुढे आणि मी मागे. आमच्या बोळाच्या तोंडाशी ते थांबले आणि म्हणाले, "पाहिलंस ना?" मी म्हणालो, "हो." "मग झालं तर." दारू या विषयावर आम्हां बापलेकांत झालेले संभाषण काय ते एवढेच. त्या वेळी आमचे धाकटे काका रोज पीत असत. आम्हां मुलांना 'काकांना बरे नसते' असे सांगण्यात येई, आणि आम्हीही शहाण्या मुलांसारखे तेच शेजारी सांगत असू.

गडकरी गेले २३ जानेवारी १९१९ रोजी, वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षी. 'एकच प्याला' रंगभूमीवर आलेले त्यांना पाहायला मिळाले नाही. त्यानंतर महिन्याभरातच गंधर्व नाटक मंडळीने बडोद्याला त्याचा पहिला प्रयोग केला. पदे विठ्ठल सीताराम गुर्जरांनी रचून दिली. गणपतराव बोडसांचा सुधाकर आणि बालगंधर्वांची सिंधू. भरजरी शालू नेसून प्रेक्षकांना भुलवणारे बालगंधर्व या नाटकात ठिगळे लावलेले लुगडे नेसून जात्यावर बसले, आणि प्रेक्षागृहे हुंदक्यांनी भरून गेली. माझ्या आजीने तो प्रयोग पाहिला होता. तिला कथा विचारली तर ती सुधाकराविषयी दोन वाक्ये बोले आणि सिंधूविषयी अर्धा तास.

येथेच पहिली गोम आहे. या नाटकातून आपण घरी काय आणले? एक, शेवटचा अंक; म्हणजे मेलेले मूल, मरणारी बायको आणि विषाचा प्याला. दुसरे, सिंधूची पतिभक्ती. या दोहोंचे मिळून एक बुजगावणे झाले, आणि वयात येणाऱ्या प्रत्येक मुलापुढे ते उभे करायचे अशी रीत पडली. शाळेत 'व्यसन: एक शाप' या विषयावर निबंध घालण्यात माझे उभे आयुष्य गेले. मुले हुशार. पहिल्या परिच्छेदात प्याला, दुसऱ्यात संसाराची राखरांगोळी, तिसऱ्यात 'म्हणून मी कधीही व्यसन करणार नाही' अशी प्रतिज्ञा. मी दहापैकी आठ गुण देत असे. त्या निबंधांत एकही वाक्य त्या मुलाचे स्वतःचे नसे, हे मला दिसत होते आणि तरीही मी आठ गुण देत होतो.

आता हिशेबाची गोष्ट सांगतो. १९८४ साली पुण्यातल्या एका शाळेत नववीच्या वर्गाला मी या नाटकातला एक प्रवेश वाचून दाखवत होतो. मागच्या बाकावरून एक मुलगा उठला आणि अगदी सरळपणे म्हणाला, "सर, पण पहिला प्याला घेतल्यावर सुधाकरला बरं वाटलं असेल ना?" वर्ग हसला. मला वाटले, हा वात्रटपणा करतो आहे. मी त्याला तास संपेपर्यंत उभे ठेवले. तीन वर्षांनी त्याची आई माझ्या घरी आली. मुलगा कॉलेजात गेला होता आणि 'गर्द' ओढत होता. ती माउली विचारीत होती, "तुमच्या वर्गात तो कधी काही बोलला होता का हो?" मी म्हणालो, "नाही." पुढे ते कुटुंब पुणे सोडून गेले आणि त्या मुलाचे काय झाले ते मला कळले नाही. त्या एका 'नाही'साठी मी हे नाटक पुनःपुन्हा वाचत आलो आहे.

त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर नाटकात आहे. अगदी स्वच्छ आहे. सुधाकर व्यसनी म्हणून रंगभूमीवर येत नाही. तो बुद्धिमान, मानी, थोडा तापट वकील आहे. कोर्टात मुन्सफाशी खटका उडतो, सनद काही काळासाठी काढून घेतली जाते, आणि हा माणूस अपमानाने आतल्या आत जळत राहतो. अशा वेळी तळीराम त्याच्यापुढे प्याला करतो. कशासाठी? चैनीसाठी नव्हे, विसर पडावा म्हणून. आणि विसर पडतो! गडकऱ्यांचा प्रामाणिकपणा मला येथे दिसतो. पहिला प्याला कडू लागला, सुधाकराला पश्चात्ताप झाला, असे त्यांनी दाखवले नाही. जे दुखत होते ते थोडा वेळ दुखायचे थांबले, आणि म्हणूनच दुसरा प्याला आला. ज्या गोष्टीने पहिल्या दिवशी काहीच मिळत नाही तिच्या मागे जगात कोण लागेल? आपण मुलांना 'ते विष आहे' एवढेच सांगतो. मग एखाद्या संध्याकाळी मित्राच्या आग्रहाने मूल ते चाखते, सकाळी जिवंत उठते, आणि आपण सांगितलेले सगळेच खोटे होते असा निष्कर्ष काढते. माझ्या त्या विद्यार्थ्याला हवे होते एवढेच, की कुणीतरी खरे बोलावे: हो बाळ, बरे वाटले असेल, आणि धोका तिथेच आहे.

दुसरी गोष्ट तळीरामाची. नट आणि प्रेक्षक त्याच्यावर लुब्ध असतात आणि टीकाकारांना त्याची थोडी लाज वाटते. त्याचे ते 'आर्य मदिरा मंडळ' म्हणजे निव्वळ प्रहसन, करुण नाटकाला लावलेले ठिगळ, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. मला ते मान्य नाही. सभा, अध्यक्ष, ठराव, भाषणे असा सगळा थाट करून बसलेले ते दारुडे विनोदी आहेत, हेच तर खरे आहे. नशा देणारा माणूस शिंगे आणि सुळे घेऊन येत नाही. तो टोळक्यातला सर्वांत गमत्या, सर्वांना हवाहवासा गडी असतो. मुलांना आपण 'अनोळखी माणसाने दिलेले काही खाऊ नकोस' असे शिकवतो. गडकरी सांगतात की देणारा ओळखीचाच असतो. आणि त्या तळीरामालाही शेवटी दारूच गिळते, हे ते विसरत नाहीत.

तिसरी गोष्ट भगीरथाची. हे नाव वाचून बऱ्याच वाचकांना 'हा कोण?' असे वाटेल. प्रेमभंगाने दारूकडे वळलेला हा तरुण त्याच मदिरा मंडळात बसलेला असतो. रामलाल त्याला तेथून उठवतो, लोकसेवेचे काम देतो, आणि भगीरथ दारू सोडतो. सोडतो तो सोडतोच. म्हणजे ज्या नाटकाने 'यातून सुटका नाही' असा धाक महाराष्ट्राला घातला, त्याच नाटकात सुटलेला एक माणूस आपल्यासमोर वावरत असतो आणि आपल्याला तो दिसत नाही! त्याच्या उलट सुधाकर. तोही मध्ये एकदा निश्चय करतो, कामधंदा मागायला ओळखीच्यांच्या दारी जातो, आणि 'दारुड्या' म्हणून हेटाळणी घेऊन परत येतो. पुन्हा प्याला. दोघांच्या निश्चयात मला फारसा फरक दिसत नाही. एकाला परतायला जागा मिळाली आणि दुसऱ्याला मिळाली नाही, एवढाच फरक दिसतो. मुलांना हे सांगायचे आपण का टाळतो? सुटका आहे असे म्हटले तर मुले सोकावतील, अशी आपल्याला भीती वाटते. पण सुटका नाही असे ज्याला पढवले आहे, तो मुलगा चुकल्यावर घरी येईल तरी कशाला?

एवढे मोठेपण मान्य करूनही या नाटकाचा एक दोष मला सांगितला पाहिजे, आणि तो नेमका आपण ज्याची पूजा केली तेथे आहे. सिंधू बोलत नाही. ती दळते, उपाशी राहते, मार खाते, पण नवऱ्याविषयी बाहेर अक्षर काढत नाही. मरताना, मूल मारलेल्या नवऱ्याला वाचवण्यासाठी ती फौजदारापुढे खोटे सांगते. गडकऱ्यांच्या काळी हे सतीचे तेज वाटले असेल. रंगभूमीवर आजही त्याने काळीज हलते. पण हे मौन आम्ही घराघरांत नेले. आमचे काका 'आजारी' झाले ते याच मौनामुळे. घरातल्या मुलाला सर्व काही दिसत असते, पण ते बोलायचे नसते, हेच पहिले शिक्षण त्याला मिळते. मग त्याच्यावर तशी वेळ आली म्हणजे तो तोंड उघडेल कसा? सिंधूने दारूशी लढा दिला असे आपण म्हणतो. मला वाटते, तिच्या अबोल्याने दारूला घरात बसायला पाट दिला. सिंधूच्या भक्तांची क्षमा मागून मी हे लिहीत आहे.

आपली जुनी परंपरा या बाबतीत अधिक मोकळी होती. कचदेवयानीची कथा घ्या. खाडिलकरांनी तिच्यावर १९१३ साली 'विद्याहरण' लिहिले. असुर कचाला मारून त्याची राख मद्यात कालवतात आणि ते मद्य त्याच्या गुरूला, प्रत्यक्ष शुक्राचार्यांना, पाजतात. आपल्याच लाडक्या शिष्याला आपण गिळले हे शुद्धीवर आल्यावर त्यांना कळते. महाभारतात मद्याचा निषेध उच्चारला जातो तो येथे. लक्षात घ्या, तो कुणा सोवळ्या ऋषीने उच्चारलेला नाही. जो प्याला, ज्याचे नुकसान झाले, त्यानेच शिष्यासमोर आपली चूक कबूल करून तो सांगितला. म्हणून त्या शब्दाला वजन आहे.

'एकच प्याला'नंतर या विषयावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले. पण मला त्याच्या शेजारी ठेवावेसे वाटते ते नाटक नव्हे, कादंबरीही नव्हे. ते आहे अनिल अवचटांचे 'गर्द'. १९८० नंतरच्या दशकात मुंबई-पुण्यात ब्राउन शुगर, म्हणजे अशुद्ध हेरॉइन, मुलांच्या हाती पडू लागले. सिगारेटच्या पाकिटातल्या चांदीवर ती भुकटी ठेवायची, खालून काडी ओढायची आणि धूर नळीने आत घ्यायचा. अवचट स्वतः डॉक्टरकीची पदवी घेतलेले. पण ते या मुलांकडे रोगी म्हणून गेले नाहीत आणि पापी म्हणूनही गेले नाहीत. ते त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि 'मग काय झालं?' असे विचारीत राहिले. न मिळाल्यावर अंगाची होणारी तडफड, तिला त्या मुलांनी दिलेले 'टर्की' हे नाव, घरातल्या चोऱ्या, आईच्या शपथा, सारे त्या मुलांच्याच बोलीत. अवचटांची शैली अलंकाराला हातही लावत नाही. गडकऱ्यांच्या कोट्या आणि कल्पनांच्या आतषबाजीनंतर ही भाषा प्रथम फिकी वाटते. चार पाने वाचली की कळते, हा लेखक आपल्या आवाजाने दुसऱ्याचा आवाज झाकू देत नाही.

'गर्द'मध्येही उणीव आहे. ते मोठ्यांसाठी लिहिलेले आहे आणि जे आत सापडले त्यांच्याविषयी आहे. ज्याने अजून हात लावलेला नाही, पण ज्याच्यापुढे हात पुढे आला आहे, त्या तेराचौदा वर्षांच्या मुलाशी ते थेट बोलत नाही. त्याच्याशी बोलणारे चांगले पुस्तक मी अजून शोधतो आहे. पण कसे बोलावे याचा वस्तुपाठ त्यात आहे. आणि ते पुस्तकातच राहिले नाही. २९ ऑगस्ट १९८६ रोजी अवचट आणि त्यांच्या पत्नी डॉ. सुनंदा यांनी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात 'मुक्तांगण' सुरू केले. पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई पाठीशी उभे राहिले. सुनंदाबाई १९९७ साली गेल्या, अवचट २०२२ साली; काम चालू आहे. तेथली एक रीत मला फार मोलाची वाटते. व्यसनातून बाहेर आलेली माणसेच नव्याने येणाऱ्यांना समजावतात. म्हणजे शुक्राचार्यच म्हणा ना! गडकऱ्यांचा भगीरथ एकटा होता. येथे भगीरथांची पंगत बसली.

धाक घालणारे आपण एकटेच नव्हतो. अमेरिकेत १९८३ साली लॉस एंजेलिस शहरात 'डेअर' नावाचा उपक्रम निघाला. गणवेशातला पोलीस वर्गात येऊन मुलांना मादक द्रव्यांचे धोके आणि नकार देण्याची रीत शिकवी. तो देशभर पसरला. पुढे अभ्यासकांनी पडताळून पाहिले, तेव्हा ते धडे घेतलेली आणि न घेतलेली मुले यांच्या वागण्यात टिकाऊ असा फारसा फरक सापडला नाही. मला माझे आठ गुणांचे निबंध आठवले.

आणि आता प्याल्याचे रूपही बदलले आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात एक गोष्ट मन विषण्ण करणारी आहे: हुंगण्याचे पदार्थ ही एकच नशा अशी निघाली, की तिचे प्रमाण मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त आहे. व्हाइटनर, पंक्चरचे सोल्यूशन, चिकटवण्याचे डिंक! म्हणजे प्याला दप्तरातच आहे. ई-सिगारेटवर २०१९ पासून देशात बंदी आहे, तरी ती पेनासारखी खिशाला लावून फिरणारी मुले असतात. २०२४ च्या फेब्रुवारीत पुण्याजवळच्या कुरकुंभ औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात पोलिसांनी मेफेड्रोनचा, ज्याला मुले 'एमडी' म्हणतात त्याचा, प्रचंड साठा पकडला. आपण अजून ठिगळाच्या लुगड्याची गोष्ट सांगत बसलो तर मुलांना ती आपली वाटणार नाही.

आता आमच्या सतरंजीवर येतो. मदिरा मंडळाचा प्रवेश चालला होता. नातू तळीरामाचे काम वाचत होता आणि हसून हसून त्याला पुढचे वाक्य म्हणता येईना. एकदम तो म्हणाला, "आबा, हे तर आमच्या वर्गातल्या ग्रुपसारखंच आहे." सुनेने चमकून पाहिले. मी तिला डोळ्यांनीच गप्प केले आणि वाचन पुढे नेले. रात्री अंगणात पणत्यांत तेल घालताना मी सहज विचारले, "ग्रुपचं काय म्हणत होतास?" तो बराच वेळ वाती पुढेमागे करीत राहिला. मग म्हणाला, की एक मुलगा व्हेप आणतो, सर्वांना देतो, फार मजेदार मुलगा आहे. आणि दुसरा एक मुलगा आहे. तो हल्ली शाळा सुटल्यावर व्हाइटनर रुमालावर घेऊन हुंगतो. त्याचे आईवडील वेगळे राहू लागले आहेत.

माझ्या जिभेवर सगळे निबंध आले होते. चाळीस वर्षांची सवय! मी एवढेच विचारले, "आणि तू?" तो म्हणाला, "एकदा. व्हेप." थोडे थांबून म्हणाला, "डोकं हलकं झालं. मग खोकला आला." मी म्हणालो, "बरं वाटलं असेल थोडा वेळ." त्याने माझ्याकडे असे पाहिले, की जणू मी जन्मात प्रथमच त्याच्याशी बोललो. मग आम्ही पुष्कळ बोललो. हलके कशाने वाटते, तेच पुन्हा हवेसे का होते, माझ्या काकांना काय 'बरे नसे', सारे. शेवटी तो म्हणाला, "आईला सांगू नका." मी म्हणालो, "तुझं तू सांगायचंस. हवं तर मी शेजारी बसतो. पण त्या रुमालवाल्या पोरासाठी कुणा मोठ्या माणसाशी बोलावंच लागेल, तो जिवाशी खेळ आहे. कुणाशी ते तू सांग." त्याने विचार करून वर्गशिक्षिकांचे नाव सांगितले. सुट्टी संपल्यावर आम्ही दोघे त्यांना भेटलो. बाईंनी आरडाओरडा केला नाही, नाव फोडले नाही, त्या मुलाच्या आईला बोलावून घेतले. त्याचे उपचार चालू आहेत असे कानावर आहे. आईशी नातू आपण होऊन बोलला. मला शेजारी बसावे लागले नाही.

हे सर्व नाटकाने केले असे मी म्हणणार नाही. पण जे थेट विचारता आले नसते, ते तळीरामाच्या आडून बाहेर आले. चांगल्या साहित्याचा घरातला उपयोग मला तरी एवढाच ठाऊक आहे, आणि तो थोडका नाही.

यंदाच्या पाडव्याला राहिलेले अंक वाचायचे ठरले आहे. सौभाग्यवती कुरकुरत सिंधू वाचणार आहेत, पण फौजदारापुढे आपण खरे तेच सांगणार, असे त्यांनी आधीच बजावून ठेवले आहे. नातवाने भगीरथ मागून घेतला आहे. तळीराम त्याने माझ्याकडे दिला.